चुकचुकणारी गाडी

बाबांना गाडीत आवाज ऐकू येऊ लागला त्याला तीन महिने झाले होते, आणि त्यांच्याखेरीज तो कुणालाही ऐकू येत नव्हता.

आवाज साधासुधा असता तर कुणी मनावर घेतलं नसतं. तेरा वर्षांची गाडी, थोडी कुरकुर करणारच. पण बाबा म्हणायचे, "पाठीमागं बसून कुणीतरी चुकचुकतंय." म्हणजे नक्की कसं, असं आईनं विचारलं तेव्हा त्यांनी जीभ टाळ्याला लावून करून दाखवलं: च्‌... च्‌-च्‌. "साहेबांना उशीर व्हायला लागला की ते करायचे, तसं," अशी वर पुस्तीही जोडली. बाबांनी एकतीस वर्षं एका कंपनीत साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या होत्या. पाठीमागून येणारं चुकचुकणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

आई आधी हसली. गाडीत पाल शिरली असेल म्हणून झाडू घेऊन तिनं डिकीसुद्धा धुंडाळली. पाल निघाली नाही. मग तिचं हसू हळूहळू मावळत गेलं, कारण काकांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं, अगदी असंच सुरू झालं होतं. काकांना आधी शेजारच्या खोलीत कुणीतरी कपाट उघडतंय असं ऐकू यायचं. दोन वर्षांनी ते स्वतःच्या बायकोला अदबीनं विचारू लागले, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

घरात काकांचं नाव कुणी काढत नव्हतं. पण बाबांनी चष्मा शोधायला दोन मिनिटं जास्त लावली, तरी आई हातातलं काम थांबवून बघत बसायची.

रविवारी दादाचा फोन आला. दादा, घरातला थोरला, नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होता. गेल्या महिन्यात तो मुद्दाम येऊन तासभर बाबांच्या शेजारी बसून फिरला होता, कानात प्राण आणून, आणि त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

"मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली आहे," त्यानं धाकट्या बहिणीला सांगितलं. "आणि हे बघ, तोपर्यंत गाडीची किल्ली काढून घे त्यांच्याकडून."

"तू घे."

"मी तिथे आहे का?"

"म्हणूनच तुला सुचतंय."

"उद्या त्यांना कुणी रस्त्यात आडवं आलेलं दिसायला लागलं, तर? मग कुणाला सुचायचं?"

धाकटीनं फोन ठेवून दिला. उत्तर नसणं तिला मुळातच सहन होत नसे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, आकडे घ्यायचे आणि आकडे सांगतील तेवढंच बोलायचं. सातवीत असताना तिनं दुधात पाणी किती ते मोजून दूधवाल्याला टक्केवारी ऐकवली होती, तेव्हापासून बाबा तिला इन्स्पेक्टर म्हणायचे.

तीन आठवड्यांपूर्वी इन्स्पेक्टरनं एका वहीत तक्ता आखला होता. तारीख, वेळ, रस्ता, वेग, काचा उघड्या की बंद, टायरमधली हवा, आणि शेवटचा रकाना: सोबत कोण. बाबा रोज दहाला आईला शिवणवर्गावर सोडायचे आणि एकटे परतायचे. एकला एकटे जायचे आणि तिला घेऊन यायचे. म्हणजे तोच रस्ता, तीच गाडी, तोच माणूस, आणि दिवसातून दोनदा सोबत, दोनदा एकटं. प्रयोग म्हणून याहून चांगली मांडणी तिला स्वतःला सुचली नसती.

आणि प्रयोगाचा निकाल वाईट होता. बाबा एकटे असताना आवाज दर वेळी. सोबत कुणी असताना एकदाही नाही.

एका जरी फेरीत उलटसुलट झालं असतं तरी तिला बरं वाटलं असतं. प्रयोगशाळेत असा स्वच्छ निकाल लागला की तिला आनंद व्हायचा. हा निकाल तिनं वही मिटून गाद्यांच्या कपाटात ठेवला आणि कुणालाही दाखवला नाही.

गाडीत काही बिघाड नव्हता असं मिस्त्रीही सांगत होता. मिस्त्री म्हणजे बाबांच्या कंपनीच्या गॅरेजमधला जुना माणूस. आता स्वतःचं गॅरेज चालवायचा आणि बाबांना उस्ताद म्हणायचा. त्यानं गाडी तीनदा वर चढवली, खालची रबरं बदलली, सायलेन्सरचा पट्टा आवळला. तिन्ही वेळा मिस्त्री चक्कर मारायला निघाला आणि बाबा शेजारी बसले, कारण आपण आत नसताना आपली गाडी दुसऱ्याच्या हातात जाणं त्यांना मान्य नव्हतं. तिन्ही वेळा गाडी शहाण्या मुलासारखी चालली.

"उस्ताद, तुमच्या कानांना आता सवयच लागली आहे," मिस्त्री म्हणाला होता. "एकतीस वर्षं साहेबांची चुकचुक ऐकलीत. रिटायर झालात, पण कान कामावरच आहेत." तो गमतीनं म्हणाला होता. बाबांनी मात्र त्या दिवशी चहा न घेताच गाडी काढली होती.

सोमवारी शिवणवर्गाला सुट्टी असे. बाबा काही कामाला एकटेच निघणार होते. कामावर जाण्याआधी धाकटीनं आपला जुना मोबाइल आवाज टिपायला लावून दोन सीटच्या मधल्या खाचेत ठेवला.

"चोरून नाही ठेवत हां, सांगून ठेवतेय," ती म्हणाली.

"ठेव ठेव," बाबा म्हणाले. "माझ्या बाजूनं एक तरी साक्षीदार होऊ दे."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. "आज नाही आला," ते म्हणाले. अगदी हळू, परीक्षेचा निकाल सांगितल्यासारखं. त्यांना खोटं बोलता आलं असतं, 'आला होता, तुझ्या मोबाइलनं पकडला नाही' असं. त्यांनी तसं केलं नाही, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"बघ," दादा फोनवर म्हणाला. "कुणी ऐकतंय म्हटलं की आवाज बंद. आता आणखी काय पुरावा हवा तुला?"

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांमध्ये बसली आणि कानात इअरफोनची बोंडं घालून बाबांचा तो सेहेचाळीस मिनिटांचा प्रवास पहिल्यापासून ऐकू लागली. काल तिनं पुढे ढकलत ढकलत फक्त चुकचुक शोधली होती. आज ठरवलं, एक सेकंदही सोडायचा नाही. पाण्यात जे शोधतोय तेच फक्त शोधलं तर दुसरं काही सापडत नाही, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं.

दार लागलं. इंजिन सुरू झालं. टुंग, टुंग, टुंग असा बारीक इशारा वाजू लागला. मग बाबांचा आवाज आला, लाडीगोडीचा, घरात कधी न ऐकलेला: "थांब गं बाई, बांधतो तुलाही पट्टा. असं चिडायचं नाही." खट्‌. इशारा थांबला.

धाकटीच्या हातातला घास तसाच राहिला.

बाबा कुणाशी तरी बोलत होते. रिकाम्या गाडीत, शेजारच्या सीटवर बसलेल्या कुणा बाईशी. काकांची आठवण तिनं आजवर निकरानं बाहेर ठेवली होती. ती आता सरळ आत येऊन बसली.

तिनं आईला फोन लावला. शिवणवर्गातून सात-आठ मशीनचा खडखडाट ऐकू येत होता.

"आई, काल बाबांबरोबर गाडीत कुणी होतं का गं?"

"कोण असणार? ... अगं तो काठ उलटा धर, दुमडून... नाही, तुला नाही म्हणत. काय विचारत होतीस?"

"काल. गाडीत. बाबांशेजारी."

"माझं मशीन होतं."

"काय?"

"शिवणाचं मशीन. दुरुस्तीला नेलं होतं. डिकीत आपटेल म्हणून पुढच्या सीटवर बसवलं त्यांनी, पट्टा बांधून, नव्या नवरीसारखं. त्या माणसानं तेलपाणी करून लगेच दिलं, तसंच परत आणलं. का गं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "मशीन किती किलोचं आहे?"

"मी काय कधी तागडीत घातलंय? असेल बारा-तेरा. तू जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर तिनं उरलेला घास खाल्ला. मग पर्समधून पेन काढलं. वही घरी होती, म्हणून हाताशी आलेल्या खोक्यावरच लिहिलं. शेवटच्या रकान्याचं नावच चुकलं होतं. 'सोबत कोण' नाही. 'शेजारच्या सीटवर किती किलो'.

गाडीला मशीन आणि माणूस यांच्यातला फरक कळला नव्हता. वजन आलं म्हणून तिनं पट्ट्याचा इशारा दिला. आणि वजन आलं म्हणूनच, कदाचित, चुकचुक थांबली. दादा शेजारी बसला, आई बसली, मिस्त्री चालवताना बाबा बसले. आवाज ऐकायला आलेला प्रत्येक साक्षीदार त्या आवाजावरच बसत होता.

पण इतक्या महिन्यांत एकदाही कुणी पुढची सीट सोडून मागे कसं बसलं नाही, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटलं असतं. घरातल्यांना वाटलं नाही, कारण बाबांचा नियम होता. रिटायर झाल्यावर ही जुनीच गाडी घेतली, त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं: माझ्या गाडीत पुढची सीट रिकामी ठेवून कुणी पाठीमागं बसायचं नाही. तिघं असाल तर मागे बसा, चौघं असाल तर बसा. पण एकटं माणूस बसेल ते माझ्या शेजारी. एकतीस वर्षं त्यांनी माणसं आरशात पाहिली होती. आता पाहायची नव्हती. आणि नियम इतका अंगवळणी पडला होता की तो नियम आहे हेच सगळे विसरून गेले होते.

बुधवारी सकाळी आईला सोडून बाबा परत आले तेव्हा धाकटी अर्धी रजा टाकून खाली पार्किंगमध्ये उभी होती. तिनं मागचं दार उघडलं.

"पुढे ये," बाबा म्हणाले.

"मला आज मागे बसायचंय."

"कशाला? मी काय टॅक्सी लावलीय?"

"बाबा, एक प्रयोग आहे. सीट रिकामी हवी. मला गाडी चालवता येत असती तर तुम्हालाच मागे बसवलं असतं."

"मोबाइल ठेव की पुन्हा."

"मोबाइलवर दादाचा विश्वास बसेल. मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

बाबांनी चाक धरून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "एकतीस वर्षं," ते म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून मी बसणार नाही. आडवी होणार आहे. आरशात नखसुद्धा दिसणार नाही तुम्हाला."

"गोणीसारखी?"

"गोणीसारखी."

त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. "पाय दुमडून घे मग. सीटला बूट लावशील तर रस्त्यात उतरवीन."

ती मागच्या सीटवर कुशीवर आडवी झाली. बाहेरचं जग तिला फक्त वरून दिसत होतं: इमारतींच्या गच्च्या, दिव्याच्या खांबांची टोकं, तारा. इंजिनाची घरघर सीटमधून तिच्या दातांपर्यंत पोचत होती. रस्ता कुठे आलाय हे तिला वळणांवरून कळत होतं. बँकेचा कोपरा. सिग्नल. पुलाचा चढ.

पूल उतरताना आवाज आला.

च्‌.

तिनं मनात मोजलं: एक. पुढे शाळेसमोरचा गतिरोधक लागला आणि पुन्हा, च्‌-च्‌, इतका हुबेहूब की तिनंसुद्धा नकळत मान वर करून पाहिलं, कोण आहे म्हणून. कुणी नव्हतं. पुढची सीट रिकामी होती आणि गाडी चुकचुकत होती. तीन महिन्यांत गाडीनं पहिल्यांदाच बाबांखेरीज दुसऱ्या कुणापुढे तोंड उघडलं होतं.

बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मागे वळले नाहीत.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"थांब," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. आवाज कसा आहे ते तुला पाठ आहे, मीच करून दाखवलाय. किती वेळा झाला आणि कुठे कुठे, ते सांग."

धाकटी उठून बसली. तिच्या साहेबांनीसुद्धा तिचा निकाल इतक्या काटेकोरपणे कधी तपासला नव्हता.

"पूल उतरताना एकदा. शाळेपाशी दोनदा, दुसरा जरा बारीक. आणि मग डावं वळण घेतलंत तेव्हा एक वेगळाच, लांबट, ओरखडा काढल्यासारखा. तो तुम्ही कधी सांगितला नव्हता."

समोरून एक सायकल गेली, मग एक कुत्रा.

"तो रोज येतो," बाबा म्हणाले. "तो ऐकून तुम्ही आणखी घाबराल म्हणून सांगितला नाही."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला. धाकटीनं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा खांदा इतका वर ओढलेला असायचा हे तिला आत्ताच कळलं, कारण आत्ता तो खाली आला.

त्यानंतर त्यांनी तेच वळण पाच वेळा घेतलं. तिनं मागून हात लांबवून रिकाम्या सीटवर जोर दिला की आवाज गप्प. हात काढला की सुरू. पाचव्या वेळी बाबाच म्हणाले, "आता बस की इन्स्पेक्टर, कोपऱ्यावरचा पानवाला समजेल आपण पत्ता चुकलोय."

तिथून ते गॅरेजात गेले. मिस्त्रीनं पुढच्या सीटचे नट सोडून ती बाहेर काढली आणि उलटी केली. सीटला फुलाफुलांचं कव्हर होतं. त्याची झालर खालपर्यंत आली होती, म्हणून आजवर त्याचं लक्षच गेलं नव्हतं. झालर वर करून त्यानं पकडीत एक वस्तू धरली आणि उजेडात नेली. जाड तारेचा, टोकाला वळवलेला आकडा.

"उस्ताद, ही गाडीची वस्तू नाही."

बाबांनी आकडा हातात घेतला. "ही आमच्या कपाटातली वस्तू आहे," ते म्हणाले. "कपडे अडकवायचा हँगर होता हा."

मग धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. कव्हर आईनं शिवलं होतं, तीन महिन्यांपूर्वी, आणि फक्त पुढच्या सीटला, कारण बसायचे सगळे तिथेच. इलॅस्टिक सटकायला लागलं म्हणून तिनं जुन्या हँगरची तार तोडून आकडे केले आणि खालून अडकवले. त्यातला एक सुटला होता. सीट रिकामी असली की तो सैल लोंबायचा आणि धक्क्यासरशी, सीट ज्यावर पुढेमागे सरकते त्या लोखंडी रुळावर टिचकी मारायचा; वळणावर रुळावरून घासायचा. कुणी बसलं की गादी खाली येऊन त्याला दाबून धरायची.

"पण मग पाठीमागून का वाटायचं?" बाबांनी विचारलं.

"सीट पुढून झालरीनं झाकलेली, मागून उघडी," धाकटी म्हणाली. "आवाज वाट मिळेल तिकडून बाहेर पडणार. तुमचे कान बरोबरच सांगत होते. तो मागूनच येत होता."

मिस्त्रीनं हात पुसले. त्याला काहीतरी बोलायचं होतं. "उस्ताद, ते मी कानांबद्दल म्हणालो होतो..."

"चहा सांग," बाबा म्हणाले. "दोन सांग. तुला नाही."

मग त्यांनी तीन सांगायला लावले.

आईला घ्यायला दोघं मिळून गेले. बाबांनी तो आकडा तिच्या हातावर ठेवला. तिला कळायला अर्धं मिनिट लागलं. हसावं की रडावं हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं, आणि मग म्हणाली, "घट्ट बसवला होता हो मी."

"तीन महिने मला वेड्यात काढलंस, आणि घट्ट बसवला होता म्हणे."

"मी कुठे काढलं? तुमच्या लेकानं काढलं."

लेकाला धाकटीनं रात्रीच्या जेवणाआधी फोन केला. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं नाक ओढलेलं ऐकू आलं.

"मी काकांसारखा होईन का, हेच मी रोज नेटवर शोधत होतो," तो म्हणाला. "बाबांचं नाही. माझं."

"मग उद्याची वेळ तुझ्याच नावानं लावू का?"

"गप गं. रद्द कर. आणि बाबांना सांग की..." त्याला पुढचं सांगता येईना. तिनं तेवढंच बाबांना सांगितलं, आणि त्यांनीही तेवढ्यावर मान डोलावली.

जेवताना बाबा दोन घास जास्तच जेवले. पाण्याचा पेला खाली ठेवून सहज म्हणाले, "मी रोज सकाळी न्हाणीघरात परीक्षा घेत होतो माझी. आजवर चालवलेल्या सगळ्या गाड्यांचे नंबर म्हणायचे, क्रमानं. अकरा गाड्या. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणून नळ सोडून अर्धा अर्धा तास बसायचात होय," आई म्हणाली. "मला वाटलं बद्धकोष्ठ."

"म्हणून दाखवा," धाकटी म्हणाली.

बाबांनी म्हणायला सुरुवात केली. बोटं मोजत, एकेका गाडीचा रंगही सांगत. सहा नंबर घडाघड आले. सातव्यावर ते अडले. बोट हवेत राहिलं. धाकटीनं ताटातून वर पाहिलं.

"पांढरी होती," बाबा म्हणाले. "नंबर... चार आणि कायतरी. साहेब कसला होता तो मात्र पक्का आठवतो."

"नाही आठवत तर नाही आठवत," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. "मला आपल्या स्वतःच्या गाडीचा नंबर विचारा. तोही येत नाही. मला कुठे कोण डॉक्टरकडे नेतंय?"

"आईला खरंच येत नाही का?" धाकटीनं विचारलं.

"गाडी राखाडी आहे एवढं येतं," आई म्हणाली. बाबा हसत हसत सातवी गाडी सोडून आठवीवर गेले.